एका शेजाऱ्याचा गट

मी आयुष्यभर शेजाऱ्यांची ओळख करून देण्याचं काम केलं. बेसा भागातल्या आमच्या सोसायटीत हे सांगितलं की बायकांना वाटतं, मी वधूवर सूचक मंडळ चालवत होते. कुणी कुणी तर पुतणीची पत्रिकाही आणून दाखवली आहे. उत्तर मात्र खोटं नाही, म्हणून मी ते बदललेलं नाही.

मी नेटवर्कमध्ये होते. दवाखाना, कारखाना, बँक, कुठेही गेलात तर एका कपाटात बारीक दिव्यांची लुकलुक करणारी एक चपटी पेटी दिसते. तिला स्विच म्हणतात. छोटा स्विच खोलीतल्या कॉम्प्युटरांना एकमेकांशी जोडतो. मोठ्या स्विचचं काम जास्त जबाबदारीचं असतं. कुठलं गाव कुठल्या वाटेने गाठायचं, हे त्याला माहीत असावं लागतं. आणि गंमत अशी, की या सगळ्या वाटा त्याला कोणी माणूस बसून शिकवत नाही. स्विचच एकमेकांना सांगतात. माणसाने फक्त एवढंच लिहून द्यायचं: हा तुझा शेजारी, हा त्याचा पत्ता, त्याचं एवढं ऐक, एवढं ऐकू नकोस. त्यानंतर ते दोघं आपसात बोलू लागतात. 'माझ्याकडून अमुक ठिकाणी जाता येतं,' एक म्हणतो. दुसरा ते टिपून घेतो. आणि मध्ये मध्ये दोघं एकमेकांना हाक मारतात. आहेस का? आहे. ठरलेल्या वेळात हाक आली नाही, तर शेजारी गेला असं धरायचं आणि त्याच्याकडून जाणाऱ्या सगळ्या वाटा खोडून टाकायच्या.

एका शेजाऱ्यासाठी दहा-बारा ओळी लिहाव्या लागतात. शेजारी तीस असले की त्याच ओळी तीसदा. मग आम्ही गट करतो. नियम एकदाच गटाच्या नावाने लिहायचे, आणि प्रत्येक शेजाऱ्यापुढे एकच ओळ: हा अमुक गटातला. बस. नियम बदलायचा झाला तर एका जागी बदलला की तिसांना लागू. एखाद्याला वेगळं काही द्यायचं असेल तर ते त्याच्या नावापुढे लिहायचं. तिथे लिहिलेलं गटाच्या वर चालतं.

हे काम बसून करायचं असलं तरी माणसं भेटतातच. बुटीबोरीच्या एका कापड कारखान्यात सुरक्षा अधिकारी होते, फौजेतून आलेले. त्यांनी आमचा नवा स्विच धूळ बसू नये म्हणून जाड प्लास्टिकमध्ये गुंडाळून, वरून दोरी बांधून ठेवला होता. तो तापून दर दुपारी बंद पडायचा. मी गाठ सोडली तर ते म्हणाले, "मॅडम, आपकी जिम्मेदारी पे." मी लिहून दिलं. पुढे कित्येक वर्षं तो कागद त्यांच्या टेबलाच्या काचेखाली होता. असली प्रकरणं सांगायला बरी वाटतात. मला मात्र दुसरं एक प्रकरण सांगायचं आहे. त्यात चूक माझी आहे, आणि ते मी आजवर कुठे लिहिलेलं नाही.

आमच्या कंपनीकडे एका रुग्णालय संस्थेचं काम होतं. नागपुरात मोठं रुग्णालय आणि आसपासच्या गावांत मिळून सव्वीस केंद्रं. काही केंद्रांत सीटी स्कॅनचं यंत्र होतं, पण ते चित्र वाचणारा तज्ज्ञ नव्हता. चित्रं नागपूरला यायची, इथले डॉक्टर पाहून निदान कळवायचे. म्हणजे यंत्र तिकडे, डोळे इकडे, आणि मधला रस्ता आमचा.

हे काम माझ्याकडे आलं तेव्हा मुख्य स्विचमध्ये सव्वीस शेजारी सुटे सुटे लिहिलेले होते. माझ्या आधीचे गृहस्थ नोकरी सोडून गेले होते. जसजसं केंद्र उघडलं तसतसं त्यांनी मागच्या ओळी उचलून खाली चिकटवल्या होत्या. कुठे एक ओळ जास्त, कुठे एक कमी. मला ते बघवेना. स्वयंपाकघरात डब्यांवर नावं नसली की जसं होतं, तसं. मी पंधरा दिवस बसून एक गट आखला, सव्वीस जणांना त्यात घातलं आणि एका रविवारी सकाळी, बाह्यरुग्ण विभाग बंद असताना, तो लावला. साडेतीनशे ओळींच्या साठ झाल्या. सोमवारी आमचे व्यवस्थापक बोधनकर साहेब यांनी ते पडद्यावर सगळ्यांना दाखवलं. "पाठक मॅडमचं काम पाहा," म्हणाले. मला फार बरं वाटलं होतं, हे कबूल करते.

त्या गटात मी दोन नियम कडक केले होते. पहिला, हाकेची वाट नऊ सेकंदच पाहायची. दुसरा, जो शेजारी वारंवार जातो-येतो त्याचं बोलणं काही काळ मनावर घ्यायचं नाही. तो आला तरी त्याच्या वाटा बाजूला ठेवायच्या, जरा स्थिर झाला की मग घ्यायच्या. दोन्ही नियम चांगले आहेत. बहुतेक केंद्रांना दोन वाटा होत्या, एक केबलची, एक मोबाइलची. पहिली डळमळली की लवकर सोडून दुसरी धरण्यात शहाणपणच असतं.

एका केंद्रापुढे जुन्या लिखाणात एक जादा ओळ होती: हाकेची वाट तीन मिनिटं पाहा. कारण काही लिहिलेलं नव्हतं. खापरखेड्याच्या पुढे, आत वळून जावं लागतं अशा एका तालुक्याच्या गावचं ते केंद्र. तीन मिनिटं ही आमच्या धंद्यात फार ढिली वेळ. मला वाटलं, आधीच्या माणसाने कुठूनतरी उचलून आणलेली ओळ असेल. मी ती खोडली.

विचारता आलं असतं. त्या बाजूच्या केंद्रांचं जागेवरचं काम ठवकरभाऊ पाहत. वायर ओढणं, खांबावर चढणं, पेट्या बसवणं, सगळं तेच. काटोलकडच्या शेतकरी घरातले, दहावीनंतर आयटीआय केलेले, माझ्यापेक्षा दोन-तीन वर्षांनी मोठे. त्यांना एक फोन केला असता तर पाच मिनिटांत कारण कळलं असतं. केला नाही, कारण स्विचमधल्या ओळींचं कारण खांबावर चढणाऱ्या माणसाला माहीत असेल, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

फेब्रुवारीत बदल केला, मार्च-एप्रिल काही झालं नाही. मे महिन्यात एका दुपारी दोनच्या सुमाराला त्या केंद्रातून फोन आला. तिथल्या डॉक्टर वासनिक बोलत होत्या, तिशी-पस्तिशीच्या, केंद्र एकटीने चालवणाऱ्या. "एक पेशंट आहे. डावा हात आणि पाय एकदम लुळे पडले. दीडला स्कॅन केलाय, पण चित्रं नागपूरला पोचत नाहीत. मला ती लगेच वाचून हवी आहेत."

एवढं मलाही कळत होतं, की मेंदूच्या नसेत रक्ताची गुठळी अडकली असेल तर ती विरघळवायचं एक इंजेक्शन असतं. ते त्रास सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आतच देता येतं. आणि मेंदूत रक्तस्राव झालेला नाही, हे स्कॅन पाहिल्याशिवाय देता येत नाही, नाहीतर जीवच जायचा. पेशंटला सव्वाअकराच्या सुमाराला त्रास सुरू झाला होता.

मी म्हटलं, "दहा मिनिटं द्या."

त्या केंद्राला एकच वाट होती, रेडिओची. रस्ता रुंद करण्याच्या कामात केबल इतक्या वेळा तुटली होती की शेवटी गावातल्या पाण्याच्या टाकीवर अँटेना बसवला होता. तलावाच्या पलीकडच्या टॉवरशी तो जोडलेला होता. मी धरून चालले की अँटेनाच हलला. ठवकरभाऊ त्याच भागात दुसऱ्या केंद्रावर होते. त्यांना मोटरसायकलने पाठवलं. दीड तासाने ते टाकीवर पोचले. त्या वेळात डॉक्टर वासनिकांचा दोनदा फोन आला आणि दोन्ही वेळा मी तेच सांगितलं: दहा मिनिटं. मधल्या काळात त्यांनी पडद्याचे फोटो काढून फोनवर पाठवून पाहिले होते. त्यावर निदान द्यायला नागपूरचे डॉक्टर तयार नव्हते, आणि त्यांचं बरोबर होतं.

"मॅडम, अँटेना जागच्या जागी हाय," ठवकरभाऊ वरून बोलले. फोनमध्ये वारा घुमत होता. "हिरवा दिवा बी हाय. मी पाहून राहिलो नं. मधात एक डाव दहा-पंधरा सेकंद जाते, मंग येते. उन्हाळ्यात दुपारी असंच करते हे."

"असंच करते म्हणजे?"

"तलावावरची हवा तापते नं जी. दरसाली होते. काही बिघाड नाही हा."

मी स्विचमधली नोंद उघडली. तो शेजारी त्या दुपारी चौदा वेळा गेला होता आणि चौदा वेळा परत आला होता. दर वेळी कारण एकच: नऊ सेकंदांत हाक आली नाही. आणि चौदा वेळा गेला म्हणून माझ्या दुसऱ्या नियमाने त्याला बाजूला बसवला होता. लिंक चालू होती. तिकडचा स्विच हाका मारत होता, चित्रं पाठवायला तयार होता. इकडचा स्विच ऐकून घेत नव्हता, कारण ऐकू नकोस असं त्याला मी लिहून दिलेलं होतं.

मी ती शिक्षा काढली, तीन मिनिटांची ओळ परत घातली. पाऊण मिनिटात चित्रं सरकू लागली. तेव्हा पावणेचार वाजले होते. नागपूरच्या डॉक्टरांनी चित्रं वाचली, रक्तस्राव नाही म्हणाले, पण तोवर इंजेक्शनची वेळ टळली होती. पेशंटला अँब्युलन्समधून नागपूरला आणलं.

पेशंटचं नाव सुमनबाई. वय बावन्न. त्या गावात ब्लाऊज शिवायच्या. त्या वाचल्या, पण डावा हात लुळाच राहिला.

काय झालं ते मला त्याच दुपारी कळलं होतं. हे नीट लिहिते, कारण पुढच्या सगळ्या गोष्टी त्यावर आहेत. शोध घ्यावा लागला नाही, शंका उरली नाही. ओळ माझी होती आणि तारखेसकट नोंदलेली होती.

दुसऱ्या दिवशी रुग्णालयाने अहवाल मागितला. बोधनकर साहेबांनी मला विचारलं, "रेडिओ लिंक जात होती ना?"

"जात होती," मी म्हटलं.

"वारंवार?"

"चौदा वेळा."

त्यांनी लिहिलं: रेडिओ लिंक अस्थिर असल्याने सेवा खंडित. त्यात एकही शब्द खोटा नव्हता. मी वाचलं आणि पुढे काही बोलले नाही. लिंक अस्थिर म्हणजे अँटेनाची देखभाल कमी पडली, असा त्याचा सरळ अर्थ निघाला आणि चार दिवसांनी ठवकरभाऊंच्या हातात मेमो पडला. देखभालीत हयगय का झाली, याचा खुलासा करावा.

मला त्या दिवशीसुद्धा बोलता आलं असतं. मी स्वतःला सांगितलं, मेमोने काय होतं, फायलीत जाऊन पडेल. सांगितलं, की माझं नाव निघालं तर सव्वीस केंद्रांचं काम अडाणी माणसाच्या हाती जाईल. असल्या गोष्टी मनात आपोआप तयार होतात, त्यांना कष्ट पडत नाहीत. मी रोज ऑफिसला गेले, डबा खाल्ला, दुसऱ्या केंद्रांच्या तक्रारी सोडवल्या. घरी आईने विचारलं, जेवण कमी का झालं, तर उन्हाळा म्हटलं.

नवव्या दिवशी ठवकरभाऊ ऑफिसला आले. ते ऑफिसला फारसे येत नसत. एसीत त्यांना सर्दी व्हायची. माझ्या टेबलासमोर बसले आणि पिशवीतून एक लांबट वही काढली. प्रत्येक फेरीची त्यात नोंद होती, तारीख, केंद्र, काय केलं. त्यांनी त्या गावाची पानं दोरा घालून ठेवली होती.

"मॅडम, मले खुलासा लिवाचा हाय. मी सारं काढून पायलं. बोल्ट दर तीन महिन्याले कसले. केबलचं तोंड बदललं. मागच्या सायबाले सांगतलं होतं, का दुपारी दहा-पंधरा सेकंद जाते, त्याईनं आतून काहीतरी वेळ वाढवून देल्ली, मंग तक्रारच नाही आली. चार वर्सं नाही आली." त्यांनी वही माझ्याकडे फिरवली. "आता माह्याकडून काय राहून गेलं, ते मले सांगा. तुमाले समजते. मी पुढच्या बारीले करतो."

ते टोमणा मारत नव्हते. त्यांना खरंच वाटत होतं की त्यांच्याकडून काहीतरी राहिलं आहे आणि ते मला माहीत असेल.

वहीतली ती नोंद मी वाचली. पेन्सिलीने, ठळक अक्षरात. 'टाकीवरची लिंक. दुपारी जाते. सायबांनी ३ मिनिट केले. आता ठीक.' मला हवं असलेलं कारण चार वर्षं या वहीत होतं.

मी म्हटलं, "भाऊ, तुमच्याकडून काही राहिलं नाही. ती तीन मिनिटं मी काढली. फेब्रुवारीत."

त्यांनी विचारलं, "तुमाले कवा समजलं?"

"तुम्ही टाकीवर होता तेव्हाच."

"त्याच दिवशी?"

"हो."

त्यांनी वही मिटली, पिशवीत ठेवली, पिशवीचे बंद नीट लावले. मग म्हणाले, "मंग नऊ दिवस काहून लागले?"

ते उठले आणि बोधनकर साहेबांकडे न जाता सरळ जिन्याने खाली गेले. खुलासा त्यांनी लिहिलाच नाही. त्यांनी माझ्यावर सोडलं, असं मी समजले.

मी साहेबांकडे गेले. ते वाईट माणूस नव्हते. त्यांनी दार लावून घेतलं आणि शांतपणे म्हणाले, "मॅडम, अहवाल गेलाय. संस्थेने स्वीकारलाय. ठवकरचा मेमो मी मागे घेतो, कारण द्यायची गरज नाही. आता हे उकरून काय साधणार?"

"ठवकरांच्या फायलीतून मेमो जाईल. पण अहवालात लिंकच दोषी राहील. उद्या दुसरं कोणी त्या केंद्राची तीन मिनिटं पुन्हा काढेल."

"तेवढी टीप आपण आत लिहू."

"आणि त्या बाईंना काय सांगायचं?"

"त्यांना काय सांगायचं ते डॉक्टर सांगतील," ते म्हणाले. "तुम्ही डॉक्टर नाही."

हे खरं होतं, आणि म्हणूनच मी घरी जाऊन दुसरा अहवाल लिहिला. दोन पानांचा. कुठली ओळ होती, कोणी काढली, कधी काढली, काय झालं, आणि कळल्यावर किती दिवस सांगितलं नाही. शेवटची ओळ लिहायला सगळ्यात जास्त वेळ लागला. तो साहेबांना दिला आणि त्याची प्रत रुग्णालयाला पाठवते असं सांगून पाठवली. साहेब महिनाभर माझ्याशी कामापुरतंच बोलले. रुग्णालयाच्या सांगण्यावरून त्यांचं काम माझ्याकडून काढलं आणि मला बुटीबोरीच्या कारखान्यांवर टाकलं. मी तक्रार केली नाही. त्यांचं काम सोडण्याआधी एक गोष्ट मात्र करून घेतली. त्या केंद्राला सव्वीसांच्या गटातून काढून त्याच्यासाठी वेगळा गट केला. त्यात थांबण्याची वेळ लांब, शिक्षेचा नियम नाही. आणि गटाच्या वर्णनाच्या जागी, जिथे आम्ही सहसा काहीच लिहीत नाही, तिथे लिहिलं: तलावावरून रेडिओ, दुपारी मधूनमधून जातो, दुसरी वाट नाही, बदलण्याआधी जागेवरच्या माणसाला विचारा. एका शेजाऱ्याचा गट बघून ऑफिसातले हसले. गट म्हणजे अनेकांचा, असं त्यांचं म्हणणं. त्यांना नुसतं "असू द्या" म्हटलं.

डॉक्टर वासनिकांना मी फोन केला. सगळं सांगितलं आणि जे विचारायचं होतं ते विचारलं: उशीर झाला नसता तर हात वाचला असता का?

त्या म्हणाल्या, "ते मी सांगू शकत नाही. वेळेत इंजेक्शन मिळूनही काहींना गुण येत नाही. उशिरामुळेच झालं असं मी म्हणणार नाही. उशीर झाला, एवढं म्हणेन." मग म्हणाल्या, "पण पाठक मॅडम, मला त्या ओळीचं एवढं नाही. मशीन आहे, बिघडतं. तुम्ही मला तीन वेळा दहा मिनिटं सांगितली. पहिल्यांदाच 'माहीत नाही' म्हणाला असता, तर मी तिला लगेच गाडीत घातलं असतं. सव्वातीनच्या आत ती नागपुरात असती."

हे माझ्या दोन पानांच्या अहवालात नव्हतं. मला सुचलंच नव्हतं. मी ओळीवर बोट ठेवून बसले होते आणि खरी वेळ माझ्या तोंडच्या दहा मिनिटांनी खाल्ली होती. त्यानंतर नोकरीत असेपर्यंत मी कोणालाही अंदाजाने वेळ सांगितली नाही. "अजून कळलेलं नाही, तुमची दुसरी सोय करा," असं सांगायची. गिऱ्हाइकांना ते आवडायचं नाही. काहींनी वर तक्रारीही केल्या.

सुमनबाईंना भेटावं असं मनात होतं, पण धीर होत नव्हता. दिवाळी होऊन गेल्यावर ठवकरभाऊंचा फोन आला. त्या दिवसानंतर ते माझ्याशी कामाचंच बोलत, तेही "हो जी, नाही जी" एवढंच. म्हणाले, "वासनिक डॉक्टरनं त्या बाईले विचारलं. ते हो म्हणते. बुधवारी मी तिकडंच चाललो. याचं असन तर या."

मी गेले. घर एका गल्लीत, पुढच्या खोलीत शिलाई मशीन, भिंतीला दोरीवर मापाचे ब्लाऊज टांगलेले. सुमनबाई मशीनला टेकून खुर्चीवर बसल्या होत्या. डावा हात मांडीवर ठेवलेला होता, ठेवून विसरलेल्या वस्तूसारखा. मशीनवर आता त्यांची सून बसायची. सुमनबाई उजव्या हाताने हातशिलाई करत, कापडावर इस्त्री ठेवून, म्हणजे ते सरकू नये.

ठवकरभाऊंनी ओळख करून दिली. "ह्या पाठक मॅडम. त्याईच्याकडून झालं होतं ते." एवढंच. आणि ते दाराबाहेर जाऊन उभे राहिले.

मी सांगितलं. शेजारी, गट यातलं काही काढलं नाही. तुमची चित्रं यायची वाट मी माझ्या हाताने अडवली होती, मला माहीत नव्हतं, आणि मी डॉक्टरांना खोटा भरवसा देत राहिले. त्यांनी हातातला टाका पुरा केला.

"जाणून केलं का?"

"नाही."

"मंग झालं." पुढचा टाका घालत म्हणाल्या, "मले राग येते. तुमच्यावर नाही, असं नाही. येते. सकाळी वेणी घालता येत नाही नं, तवा येते."

"यायलाच हवा," मी म्हटलं.

"आता ते नीट हाय का? दुसऱ्या कोणाचं तर असं नाही होनार?"

"त्या वाटेचं नाही होणार. बाकीचं मी सांगू शकत नाही."

त्यांनी मान हलवली. मला वाटलं, आता उठावं. मी पर्स उचलली, तर त्या म्हणाल्या, "घाई हाय का? नसन तर त्या डब्यातल्या सुया घ्या अन् ओवून ठेवा. सून मशीनवर राहते, तिले घडीघडी उठवावं लागते. एका हातानं ओवता येत नाही."

मी डबा घेतला. दोन मोठ्या सुया, बाकी बारीक. डोळ्यांना चष्मा असूनही पहिल्या सुईला चार वेळा हुकले. त्या बघत होत्या.

"दोऱ्याचं टोक वलं करा," त्या म्हणाल्या. "अन् उजेडाकडं तोंड करून बसा."

मी खुर्ची दाराकडे वळवली आणि बसले. लाल दोरा पाच सुयांत, हिरवा तीनमध्ये, काळा चारमध्ये, प्रत्येकाला शेवटी गाठ. ओवलेली सुई मी भिंतीवरच्या, सुया ठेवायच्या छोट्या गादीत टोचत होते आणि त्या, रंग चुकला तर, सांगत होत्या. बाहेर ठवकरभाऊंनी मोटरसायकल सुरू केली, आत डोकावून पाहिलं आणि परत बंद केली.